इगुआनाच्या पोटातली बोरं

रथसप्तमीच्या आधी मुलगी तिच्या छोटीला घेऊन आली आणि आम्ही घरात बोरन्हाण केलं. आमच्या गल्लीत मराठी घर हे एकच. शेजारणींना या गोष्टीचं दरवेळी नवल वाटतं.

"चाची, बच्ची के सिर पर बेर डालते हो? लगेगा नहीं?"

"लगेगा तो रोएगी," सासूबाई म्हणाल्या. "फिर साल भर बीमार नहीं पड़ेगी."

पाटावर बसवलेल्या छोटीच्या डोक्यावरून बोरं, चुरमुरे, हलवा, उसाचे करवे सगळं ओतलं. गल्लीतली पोरं वेचायला तुटून पडली. बोरं पलंगाखाली गेली, कपाटाखाली गेली. त्या गडबडीत खिडकीच्या जाळीवर बसलेला इगुआना कधी खाली उतरला ते कोणाच्या लक्षात आलं नाही. सासूबाई ओरडल्या तेव्हा आम्ही पाहिलं.

"अगं, ह्याच्या तोंडात बोर आहे!"

मी धावले तोवर तोंड मिटलेलं होतं.

इगुआना माझ्या मुलाचा. कॉलेजात असताना त्याने आणला तेव्हा माझ्या तळहातावर मावत होता. आता शेपटीसकट उभा धरला तर माझ्या छातीला लागतो. मोठ्या सरड्यासारखा, हिरवा, गळ्याखाली पदरासारखी लोंबणारी कातडी, पाठीवर काट्यांची रांग. मुलगा नोकरीला पुण्याला गेला आणि हा माझ्याकडे राहिला. मला माणसांशी बोलणं जड जातं. दुकानातसुद्धा मी बोट दाखवून वस्तू मागते. सकाळी गच्चीवर तांदूळ निवडत बसले की हा उन्हात माझ्या गुडघ्यावर येऊन पसरतो, आणि मग जे मनात येईल ते मी त्याच्याशी बोलते. तो एक डोळा मिटतो, एक उघडा ठेवतो. त्यापेक्षा जास्त मला कोणाकडून नको असतं.

सासूबाईंना सुरुवातीला त्याची शिसारी होती. पण तो पाला खातो, भोपळा खातो, अंड्याला तोंड लावत नाही आणि जास्वंदीची फुलं आवडीने खातो, हे पाहिल्यावर त्यांचं मत फिरलं. "आपल्या घरात सोवळ्याचा हाच एक," असं त्या यांना ऐकवून सांगायच्या, कारण हे फॅक्टरीतून येताना बाहेर आमलेट खाऊन येतात.

मुलगी सासरी परत गेली आणि त्यानंतर काही दिवसांनी त्याने खाणं सोडलं. आधी भोपळा सोडला, मग पाला, मग फुलंही. दिवसभर अस्वस्थ. काचेच्या पेटीचा कोपरा खरवडायचा. बाहेर काढला की सरळ तुळशीकडे जायचा आणि कुंडीतली माती दोन्ही पायांनी उकरायचा. सासूबाईंनी कुंडीभोवती विटा रचल्या.

"काहून माती उकरून राहिला रे बाबू? तुळस मारशील माझी."

एका सकाळी त्याला उचलताना माझी बोटं त्याच्या पोटाला लागली. आत गोळे होते. गोल, टणक, एकाशेजारी एक. मी हात काढून घेतला, मग पुन्हा लावला. सासूबाईंना बोलावलं. त्यांनीही हात लावला आणि त्या मटकन खाली बसल्या.

"बोरं आहेत. बिया अडकल्या. एक नाही खाल्लं मेल्याने, पलंगाखालची सगळी खाल्ली."

आम्हा दोघींना त्यात काही शंका वाटली नाही. मोजून ओतलेली नव्हती बोरं, किती गेली कोण सांगणार? आणि सासूबाईंना दुसरंही भय होतं. पणतीच्या बोरन्हाणात घरातला जीव गेला तर ते पोरीच्या नावाला लागेल. त्या हे माझ्यापाशी एकदाच बोलल्या, पण तेवढं पुरे होतं. बद्धकोष्ठावर आमच्याकडे एरंडेल. ते त्यांनी ड्रॉपरने त्याच्या तोंडात सोडलं. त्याने अर्धं बाहेर टाकलं, आणि त्यानंतर तो खरवडायचाही थांबला. पेटीतल्या दिव्याखाली नुसता पडून राहिला. हिरवा रंग राखेसारखा झाला.

मुलाला फोन केला. तो म्हणाला, "आई, डॉक्टरकडे न्यावं लागेल. साधा कुत्र्याचा डॉक्टर नको. याच्यातलं कळणारा पाहिजे."

"मी कसं ओळखू रे?"

"एकच विचार. आधी कधी इगुआना पाहिला आहे का. बस."

यांना म्हटलं, तुम्ही चला. हे बुटाची लेस बांधत होते. "साहेबाला काय सांगू? छिपकलीचं पोट दुखतंय म्हणून सुट्टी द्या?" असं म्हणून गेले. मग सासूबाई म्हणाल्या, "तूच जा. मला जिना उतरवत नाही."

झाकणाच्या टोपलीत टॉवेल घातला, टॉवेलखाली गरम पाण्याची पिशवी, वर तो. रिक्षात बसल्यावर टोपलीवर दोन्ही हात ठेवून मी ते वाक्य मनात म्हणत राहिले. आपने पहले कभी इगुआना देखा है? आपने पहले कभी इगुआना देखा है? रिक्षावाल्याला टोपलीतून शेपटी दिसली.

"दीदी, ये गोह है क्या? गोह पालने में जेल है, मालूम है ना?"

गोह म्हणजे घोरपड. मी मान हलवून नाही म्हटलं. मुलाने त्याची सरकारी नोंद केलेली आहे, त्याचा कागद माझ्या फोनमध्ये आहे, हे सांगायला हवं होतं. पण मी शेपटी आत सारून झाकण तेवढं दाबून धरलं. तो आरशातून वारंवार मागे पाहत होता आणि मला वाटत होतं, हा आता मला पोलीस चौकीवरच नेऊन उभी करणार.

आमच्या शहरातल्या गोरखपूर भागात, बाजारात एका दुकानाशेजारी जनावरांचा दवाखाना आहे. दारावर कुत्र्या-मांजरांची चित्रं. आत पांढऱ्या कोटातला एक माणूस होता, वागायला चांगला. त्याने टोपलीचं झाकण उघडलं आणि अर्धं पाऊल मागे सरकला.

"क्या हुआ इसको?"

"बेर निगल गया."

"छिपकली बेर खाती है?" तो हसला, पण हातमोजे चढवून त्याने पोट दाबून पाहिलं. "हाँ, हैं तो. गुठलियाँ साफ लग रही हैं हाथ को."

मला रडू आलं. बरंही वाटलं. आम्ही बरोबर होतो.

"एक इंजेक्शन देता हूँ, आँत चलेगी, सब निकल जाएगा. नहीं निकला तो कल चीरा लगाएँगे."

तो सुई भरू लागला. मी वाक्य म्हटलं. इतक्या हळू की त्याला "क्या?" म्हणावं लागलं. मी पुन्हा म्हटलं.

"अरे माताजी, दिन भर जानवर ही देखता हूँ. कुत्ता हो कि छिपकली, दवा वही. बस थोड़ी कम देनी पड़ती है."

त्याच्या मागच्या भिंतीवर चौकटीत इंग्रजी कागद लावलेला होता. मी चौथीपर्यंत शिकले, तेही मराठीत. मला तो वाचता आला नाही. आला असता तरी त्यात इगुआना लिहिलेलं असतं असं नाही. त्याने सुई उभी धरून टिचकी मारली. मला नको म्हणता येईना. दारात दोन माणसं पामेरियन कुत्रा घेऊन उभी होती आणि ती माझ्याकडे पाहत होती. सुई खाली आली तेव्हा मी इगुआनाच्या पोटावर माझा हात पसरला.

"हाथ हटाइए."

मी हात काढला नाही.

"माताजी, हाथ."

"बेटे से पूछना पड़ेगा."

"बेटा डॉक्टर है?"

"नहीं."

"फिर?"

मी इगुआना उचलला, टोपलीत घातला आणि झाकण न लावताच बाहेर आले. पाठीमागे तो पामेरियनवाल्यांना म्हणत होता, "मर जाएगी तो फिर मुझे ही बोलेंगे." बाजारातून चालताना तेच वाक्य माझ्या कानात होतं. मेला तर? त्या सुईनेच बरा होणार असला तर? मी कोण होते हात मध्ये घालणारी?

मुलाचा फोन आला तेव्हा मी एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले होते. त्याने पुण्यात बसून चार ठिकाणी विचारलं होतं. शहराच्या दुसऱ्या टोकाला जनावरांचं मोठं इस्पितळ आहे, तिथे रानातल्या जनावरांना पाहणाऱ्या एक डॉक्टर मॅडम आहेत, असं त्याला कोणीतरी सांगितलं होतं. मी त्याला गोरखपूरच्या दवाखान्यातलं सांगितलं.

"पण आई, इंजेक्शन देऊ नाही दिलंस ना?"

"नाही."

"बरं केलंस."

त्याला तिथून काय माहीत, बरं केलं की वाईट!

मोठ्या इस्पितळात एका खिडकीने दुसरीकडे पाठवलं, दुसरीने तिसरीकडे. गाई-म्हशी इकडे, कुत्री तिकडे, पक्षी मागच्या बाजूला. कोणालाच हा कशात बसवावा कळेना. शेवटी चपराशी म्हणाला, "मैडम बरगी गई हैं. मछुआरों के जाल में अजगर फँस गया है. आएँगी तो आएँगी."

मी भिंतीशी बसले. शेजारी जवळच्या पाटण गावाहून वासरू घेऊन आलेला एक म्हातारा होता. त्याने टोपलीत डोकावून पाहिलं.

"बहनजी, दूध कितना देती है?"

रांगेतले सगळे हसले. माझी मान खाली गेली. पण थोड्या वेळाने त्यानेच वासराला ओढून सावलीत नेलं आणि स्वतःची उन्हाची जागा मला दिली. "ठंडी है ये. धूप में रखो इसको." माझ्या पिशवीतलं पाणी केव्हाच गार झालं होतं. मी टोपली उन्हात धरली. इगुआनाचे दोन्ही डोळे मिटलेले होते. तो कधीच दोन्ही डोळे मिटून बसत नाही. मी त्याच्या बरगड्यांकडे पाहत राहिले. एकदा वर आल्या की पुन्हा केव्हा येतील याची वाट पाहायची, आणि त्यामधला वेळ दर खेपेला वाढल्यासारखा वाटायचा. म्हाताऱ्याचं वासरू आत जाऊन बाहेरही आलं. ऊन भिंतीवर चढलं, मी टोपली घेऊन उन्हामागे सरकत गेले.

मॅडम आल्या तेव्हा त्यांच्या बुटांना चिखल होता. वयाने माझ्या मुलीपेक्षा लहान. मी उठून उभी राहिले आणि नमस्कार वगैरे न करता एकदम ते वाक्य म्हणून टाकलं.

त्या थांबल्या. "इगुआना? एक देखी है."

"ठीक हो गई थी?"

"नहीं. मर गई. बहुत देर से लाए थे." मग टोपलीत पाहून म्हणाल्या, "अंदर लाइए."

मुलाने शिकवलं होतं त्यात या उत्तराचं काय करायचं ते नव्हतं. पण माझे पाय त्यांच्या मागे चालायला लागले होते. दिवसभरात पहिल्यांदा कोणी तरी मला खरं सांगितलं असं वाटलं.

आत त्यांनी त्याला कापडावर ठेवलं, तोंड उघडून पाहिलं, पाय ओढून पाहिले. पोटाला बोटं अगदी हलकी लावली.

"क्या खाया था?"

"बेर."

"बेर कहाँ से मिले इसको?"

मग मला बोरन्हाण सांगावं लागलं. हिंदीत मी ते कधी कोणाला सांगितलं नव्हतं, नेहमी सासूबाईच सांगायच्या. बच्ची को पाटे पर बिठाते हैं, फिर ऊपर से बेर, मुरमुरे. मॅडम हात न थांबवता ऐकत होत्या. "बेर से नहलाते हैं?" त्या म्हणाल्या. "और ये भी नहा लिया?" त्यांच्या हाताखालची मदतनीस मुलगी हसली. मला हसू आलं नाही.

"और घर में क्या दिया?"

मी एरंडेलाचं सांगितलं. त्यांच्या कपाळावर आठी आली. एक्स-रे काढला. तो पडद्यावर आला तेव्हा त्यांनी मला जवळ बोलावलं. बारीक हाडं, आणि पोटात दाटीवाटीने भरलेले लांबट गोळे. अंगूर भरलेल्या पिशवीसारखे.

"बेर में गुठली होती है ना? अंदर सख्त? इनमें दिख रही है आपको?"

मी पाहिलं. गोळ्यांत आत काही नव्हतं.

"अंडे हैं. मादा है ये."

"पर घर में तो अकेला है."

"अकेली भी दे देती है. मुर्गी नहीं देती?"

मुलाने आणला तेव्हापासून तो मुलगाच, असं आम्ही धरून चाललो होतो. मॅडमनी विचारलं, माती उकरायची का? मी तुळशीचं सांगितलं. विटांचंही सांगितलं.

"जगह ढूँढ रही थी," त्या म्हणाल्या. एवढंच.

आमच्या बोरांमुळे सगळे भलतीकडेच पाहत होते, मीही, गोरखपूरचा तो माणूसही. मॅडमनीही बोरं ऐकलीच की. पण त्यांनी ऐकून घेतलं आणि तरी स्वतः पाहिलं.

त्यांनी चुन्याचं, म्हणजे कॅल्शियमचं इंजेक्शन दिलं. या वेळी मी हात मध्ये घातला नाही. मोठ्या टबात ओलसर रेती भरून द्या, ऊब द्या, कोणी डोकावू नका. उद्यापर्यंत अंडी घातली तर घातली. नाहीतर पोट उघडावं लागेल, आणि "उसमें बचने का मैं पक्का नहीं बोल सकती."

घरी आल्यावर सासूबाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे बाळंतीण आहे आणि मी तिला एरंडेल पाजलं?" थोड्या वेळाने स्वतःशीच, "बायकांनाही पाजायचेच की दिवस भरल्यावर." मग त्या काठी घेऊन खोलीच्या दारात बसल्या. शेजारणींना कळलं होतंच. "चाची, देखने दो ना, सुना है छिपकली की डिलीवरी है." सासूबाईंनी एकीलाही आत सोडलं नाही. "तुम्हारी हुई थी तब मोहल्ला देखने आया था क्या?"

हे संध्याकाळी आले तेव्हा स्कूटरच्या पुढे रेतीचं पोतं होतं. सासूबाईंनी फोन करून सांगितलं असणार. त्यांनी ती चाळून टबात भरली, पाणी शिंपडलं, मुठीत दाबून पाहिली. "एवढी ओल ठीक आहे ना?" मला विचारलं. मी हो म्हटलं. मला तरी कुठे माहीत होतं!

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने उकरायला सुरुवात केली. दाराच्या फटीतून मी पाहिलं. ती खोदायची, थांबायची, पुन्हा खोदायची. मग खड्ड्यातच आडवी झाली. दुपारी मी आत गेले तेव्हा खड्ड्यात एकही अंडं नव्हतं आणि ती हात लावला तरी हलली नाही. मी मॅडमना फोन केला. स्वतः केला. "अंडे निकले नहीं," एवढंच बोलता आलं.

"ले आइए. अभी."

यांनी अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकली होती. स्कूटरवर मागे बसून मी तिला शालीखाली पोटाशी धरलं.

मॅडम तिला पोट उघडायला आत घेऊन गेल्या आणि दार बंद झालं. हे बाहेर जाऊन चहा घेऊन आले, माझा तसाच गार झाला. मुलगा फोन करत राहिला आणि दर वेळी हेच उचलायचे. "आत आहे अजून. हो. आत आहे." एकदा बरोबरची मुलगी लगबगीने बाहेर आली, कपाटातून काही घेतलं आणि परत आत गेली. तिच्या चेहऱ्यावरून मला काही वाचता आलं नाही. मी देवाचं नाव घ्यायला गेले तर तेही सुचेना. सुचत होतं ते गच्चीवर तिच्याशी बोललेलं काहीबाही, भाजी महाग झाली, गुडघा दुखतो, असलं.

दार उघडलं. मॅडमनी मलाच आत बोलावलं.

ती कापडावर पालथी पडली होती, तोंडात नळी, आणि ती मुलगी छोटा फुगा दाबून तिला श्वास देत होती. बाजूच्या ट्रेमध्ये अंडी होती, पिवळट, काही चेपलेली. मी तिकडे पाहिलं नाही.

"सब निकाल दिया," मॅडम म्हणाल्या. "अब साँस इसको खुद लेनी है. पिछली वाली ने यहीं पर नहीं ली थी. आप हाथ रखिए इस पर. गरम हाथ है आपका?"

माझे हात गार पडले होते. मी ते काखेत घालून घासले आणि मग तिच्या अंगावर ठेवले. ती माझ्या हाताखाली ओल्या कापडासारखी होती. मुलगी फुगा दाबायची, थांबायची. सगळे बरगड्यांकडे पाहत होते. फुगा पुन्हा दाबला. पुन्हा थांबली. मी तोंडातल्या तोंडात बोलायला लागले, मराठीत, आणि मॅडम ऐकत आहेत याची मला लाज वाटली नाही.

किती वेळ गेला माहीत नाही. एकदा मुलगी थांबली आणि बरगड्या आपल्या आपण वर आल्या. मग पुन्हा आल्या. मॅडमनी हळूच नळी काढली. तिचा पुढचा पाय माझ्या तळव्यावर होता. तो आखडला आणि नखं माझ्या हातात शिरली, आधी थोडी, मग सगळ्या जोरानिशी. रक्त कापडावर उतरलं.

मॅडमनी पाहिलं. "लग गई? हाथ निकाल लीजिए."

"नहीं," मी म्हटलं. माझा आवाज मोठा निघाला, बाहेर यांनाही ऐकू गेला. "पकड़ने दो उसको."